‘देता येतील’ की ‘राहतील’

छापखान्यात तिला सगळे शुद्धमावशी म्हणत. एकतीस वर्षं मुद्रितं तपासून नजर अशी तयार झाली होती, की लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चूक दिसायची, मग नवरा-नवरी.

तिचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. इस्पितळाचं दार मागच्या रस्त्याला गेलं, पण बसथांबा जुन्याच जागी राहिला. थांबा हलवायला राजधानीची मंजुरी लागे आणि ती चार वर्षं ‘येत’ होती. प्लास्टर घातलेली माणसं वळसा घालून लंगडत जात. “नव्या दारासमोरून रोज गाडी नेतो,” तो जेवताना म्हणायचा, “पण ब्रेक दाबायचा तर वरचा हुकूम पाहिजे.”

शहराचा कारभार शहराकडे असावा, त्यासाठी राज्यघटनेत नवं कलम घालावं, अशी मागणी करणारी एक चळवळ सुरू झाली होती. त्या कलमाचा मसुदा छपाईला आला, तेव्हा मावशींनी तो नेहमीपेक्षा सावकाश वाचला आणि चळवळीच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतलं. हे शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर.

“मास्तर, इथे ‘शहराला हे अधिकार देता येतील’ असं आहे.”

“मग? वेलांटी चुकली का?”

“वेलांटी ठीक आहे. पण देता येतील म्हणजे न देताही येतील. बसा जन्मभर अर्ज करत! ‘राहतील’ लिहा.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. दोन वकिलांनी वाचलेला मसुदा होता तो.

पुढे घटनादुरुस्तीची समिती सुनावणीला शहरात आली, तेव्हा मास्तर मावशींना सोबत घेऊन गेले. समितीचे अध्यक्ष नेमके त्याच ओळीवर थांबले.

“भावना पोहोचली, बाई. पण एका शब्दावाचून काय अडलंय?”

“काही अडलं नसेल, तर माझाच शब्द ठेवा.”

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. “बरं, ‘असतील’ चालेल?”

“नको. ‘असतील बापडे’ असंही म्हणतो आपण.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि ‘राहतील’ लिहून घेतलं.

दीड वर्षानं मतदान झालं आणि कलम मंजूर झालं. सगळं मिळालं नाही. पोलीस राजधानीकडेच राहिले. पण पाणी, रस्ते आणि बस शहराच्या हातात आली. महिन्याभरात थांबा नव्या दारासमोर आला. पहिल्या दिवशी नवऱ्यानं तिथे गाडी इतकी ऐटीत थांबवली, की उभे प्रवासी एकमेकांवर आदळले.

मावशी निवृत्त झाल्या, तशी नव्या नगरसभेनं त्यांना नियम तपासायला बोलावलं. पहिल्याच नियमात पुन्हा ‘देता येईल’ दिसलं, तसा त्यांनी तो परत पाठवला. सचिव कुरकुरले, “मावशी, आता तर आपलीच माणसं आहेत. जरा सांभाळून घ्या ना.”

“आपली आहेत म्हणूनच परत पाठवला,” मावशी म्हणाल्या आणि दुसरा कागद पुढे ओढला.