मास्तरांची तेलुगू

नामपल्लीच्या मराठी शाळेत निवृत्ती मास्तर मराठी आणि गणित शिकवत. पण गणित मांडायला लागले की त्यांचे ओठ उर्दूत हलत. निजामाच्या अमलात त्यांची सगळी शाळा उर्दूतच झालेली, आणि त्या उर्दूत मास्तर पहिले आले होते बरं का! पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि ती पहिली आलेली उर्दू पानाच्या ठेल्यावर गप्पा मारण्यापुरती उरली. मग मास्तरांनी मराठी धरली. आता छप्पन साल आलं, राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबईला गेला, कानडी मुलूख म्हैसूरला आणि हैदराबाद आंध्राला. केसरबाई, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाली, "पायगुणच असा तुमचा. जी भाषा धरता, तिचा बाजार उठतो. तेलुगूला तेवढा हात लावू नका!"

मॅट्रिकच्या वर्गात सखू म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. बाप भिवाजी सिकंदराबादला रेल्वेत खलाशी. घराण्यात शाळेची पायरी पहिल्यांदा हीच चढलेली. राज्य फुटलं आणि पोरीचं लक्ष उडालं. आधी हात वर करायची थांबली, मग शाळेतच यायची थांबली. मास्तर तडक तिच्या घरी गेले, तर ही आपली आई विठाबाईच्या शेजारी बसून बिड्या वळतेय!

"कायकू शिकायचं, गुरुजी?" सखू मान खाली घालून म्हणाली. "मराठी गेली तिकडं. इथं आता सगळं तेलुगू."

"अगं वेडे, शिकलेली भाषा कधी वाया जात नाही."

"मग तुमची उर्दू?"

"जीभ आवर, सखू!" विठाबाई ओरडली. पण मास्तरांचं तोंड एवढंसं झालं होतं. खरं बोलली होती पोर, आणि ते त्यांना फार लागलं.

तेवढ्यात दारात आलेल्या शेजारणीशी सखू खडाखडा तेलुगू बोलली. मास्तर म्हणाले, "हे बघ, खात्यानं आम्हाला तेलुगूची परीक्षा लावलीय. तू मला शिकव, मी तुझी मॅट्रिक करून घेतो. बोल!" पोरीला शाळेत ओढायची युक्ती होती ती, परीक्षेचं नंतर बघू, असा मास्तरांचा हिशेब.

"हौ," सखू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हजर!

शाळा सुटली की उलटी शाळा भरे. तेलुगूची अक्षरं सगळी लाडवासारखी गोल, मास्तरांना एक ओळखू येईल तर शपथ! सखू डोळे वटारून म्हणायची, "लक्ष कुठंय गुरुजी?" मास्तरांवर डाफरायला मिळतं म्हणून ती एक दिवस चुकवेना, आणि उलट डाफरून घ्यायला नको म्हणून स्वतःचा अभ्यास चोख करी. मास्तर गणित उर्दूत पुटपुटत फळ्यावर सोडवत. बघता बघता तीही तसंच पुटपुटायला लागली.

सखू मॅट्रिक पास झाली. भिवाजीनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. आणि मास्तर? मास्तर तेलुगूत सपशेल आपटले.

मग त्यांनी अंथरूणच धरलं. "या वयात नाही होत. परभणीकडं बदली मागतो," म्हणून भिंतीकडं तोंड. केसरबाई मात्र खूश. तेलुगू बचावली म्हणे.

सखू पेढे घेऊन आली आणि मास्तरांच्या उशाशी पाटी ठेवली.

"उठा गुरुजी. शिकलेली भाषा वाया जात नाही."

"मग माझी उर्दू?" मास्तर भिंतीलाच म्हणाले.

"आणि मी गणितात पास झाले ती कुणाच्या उर्दूवर?"

मास्तरांनी भिंतीकडची मान वळवली. मग उठून बसले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पाटी मांडीवर ओढली.

केसरबाईनं कपाळावर हात मारला. "संपलं! आता तेलुगूचं काही खरं नाही."