पेटीशिवाय बसवलेलं नाटक

चार बायका जमल्या की चहा संपतो, पण किस्से उरतातच. आमच्या जळगावच्या महिला मंडळाकडे तर ते डबे भरून साठलेत! त्यातले निम्मे एकाच नाटकाचे.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळातली गोष्ट. आमच्या लीलाताईंनी एक जुनं विनोदी नाटक घेतलं आणि ठरवलं, सगळे संवाद गायचे. पेटीवाले नाना म्हणाले, "वाजवतो, पण पत्रिकेत माझं नाव सगळ्यात वर!"

लीलाताई शांतपणे म्हणाल्या, "नाना, मग पेटीच नको!"

झालं! पाठोपाठ तबलाही गेला. सगळं तोंडानंच.

* * *

पहिल्या प्रवेशात नवरीचा बाप दार ठोठावतो. बाप म्हणजे आमच्या प्रमिलावहिनी. "दार उघड" एवढंच, पण त्या ते आळवत बसायच्या.

तालमीला आलेले त्यांचे मिस्टर म्हणाले, "अगं, एवढ्यात मी मागच्या दारानं आत येऊन जेवलोसुद्धा असतो!"

* * *

प्रयोग धुळ्याला होता. जाताना एसटीतच तालीम. देवळातली घंटा आम्ही सगळ्या मिळून गायचो, "टण्ण!"

ड्रायव्हरनं पारोळ्याच्या अलीकडे कचकन ब्रेक मारला.

"बेल कोणी दिली?" कंडक्टर ओरडला.

प्रमिलावहिनी म्हणाल्या, "दिली नाही हो, गायली!"

* * *

सर्वात अवघड काम सुशीलाचं. पेटी नाही, म्हणून स्टेजच्या कडेला उभं राहून तिनं एकच सूर धरायचा, "आऽऽ". ती थांबली की आम्ही घसरलोच! घरी भाकरी थापतानाही तिची आ चालू असायची.

तिच्या सासूबाई धुळ्याकडच्या. एकदा तालमीला आल्या आणि सगळ्यांसमोर, आमच्याकडे हात करून अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठ्या गातस, तू नुसती आ करस?"

सुशीला हसली. नंतर मला म्हणाली, "एक ओळ तरी हवी होती गं. त्यांना वाटतं, मला गाताच येत नाही."

मी लीलाताईंकडे शब्द टाकला. त्या म्हणाल्या, "देईन की! पण मग सूर कोण धरणार?"

* * *

धुळ्याला हॉल भरला. सासूबाई पहिल्या रांगेत. लग्नाच्या प्रवेशात नवरा पळून जातो आणि बाप डोक्याला हात लावून गातो. प्रमिलावहिनींनी डोक्याला हात लावला आणि ओळच विसरल्या!

एकट्या सुशीलाची आ तेवढी चालू. लोक चुळबुळू लागले.

आणि सुशीला दोन पावलं पुढं आली. खणखणीत गायली, "अहो, जावई माझा पळाऽला!"

हॉल हसून लोटपोट! पण तिची आ थांबलेली. पुढची ओळ माझी, आणि सूर कुठंच नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. पदर खोचला.

"तू गा वं, मी सूर धरस!" सुनेला म्हणाल्या आणि लावला, "आऽऽऽऽ!"