मोहाचे लाडू आणि दारूचा परवाना

सोमवारी सकाळी अकराला मला कळलं, की मी ऑनलाइन दारू विकते. तीही वर्धा जिल्ह्यातून, जिथे माझ्या जन्माआधीपासून दारूबंदी आहे. पेमेंट कंपनीचा मेल होता: "आमच्या नव्या पॉलिसीनुसार आपला व्यवसाय 'मद्य व मादक पदार्थ' या गटात मोडतो. आपले खाते थांबवण्यात आले आहे. आपला दिवस शुभ जावो."

मी लहान विक्रेत्यांची ऑनलाइन कामं करते. वेबसाइट, जीएसटी, कुरियर, पेमेंट. ग्राहक वेबसाइटवर 'पैसे भरा'चं बटण दाबतो, तेव्हा त्याचे पैसे विक्रेत्याच्या खात्यात नेऊन टाकणारा मधला दलाल म्हणजे पेमेंट कंपनी. धान्याच्या अडत्यासारखाच. फक्त अडत्याला दुकानात जाऊन चार शब्द सुनावता येतात.

खातं होतं शेवंताबाईंच्या गटाचं. कारंजा घाडगेच्या पुढे जंगलाला लागून त्यांचं गाव. अकरा गोंड बायका मोहाची वाळलेली फुलं, तीळ आणि गूळ घालून लाडू करतात. पूर्वी ही फुलं एक व्यापारी घ्यायचा आणि ती थेट दारूच्या भट्टीत जायची. यंदा बायकांनी ठरवलं, व्यापाऱ्याला एक फूल द्यायचं नाही. सगळी पोती घरात ठेवली, दिवाळीच्या ऑर्डरींच्या भरवशावर. दिवाळीला अठरा दिवस उरले होते. लाडू गेले नाहीत, तर त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं होतं, आणि तो भाव पाडून बसलेलाच होता. म्हणजे दारू थांबवायच्या पॉलिसीमुळे फुलं भट्टीत जाणार होती. पॉलिसी लिहिणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

सपोर्टशी चॅट सुरू केलं.

"मॅम, मोहा हे लिकर आहे."

"मोह हे झाड आहे. आम्ही लाडू विकतो."

"समजलं मॅम. तुमची अडचण मी समजू शकतो. कृपया लिकर लायसन्स अपलोड करा."

"वर्ध्यात दारूबंदी आहे. इथे तसं लायसन्स मिळतच नाही."

"ओके मॅम. मग लायसन्स नसल्याचं कारण लिहून, लायसन्स अपलोड करा."

मी लॅपटॉप बंद केला आणि चहा मागवला. त्या क्षणी समोर असता, तर त्या मुलाला मीच काहीतरी मादक पाजलं असतं.

ग्राहकांना क्यूआर कोड पाठवून पाहिला. पण अनोळखी बाईच्या खात्यात थेट पैसे टाकायला पुण्यामुंबईचा माणूस धजत नाही. फसवणुकीच्या बातम्या तोही वाचतो. तिघांनी पैसे पाठवले, बाकीचे गप्प झाले.

मंगळवारी अन्न परवाना आणि लॅबचा रिपोर्ट पाठवला. लाडवात अल्कोहोल शून्य, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. बुधवारी चक्क एका जिवंत बाईचा फोन आला. रिव्ह्यू टीमची होती.

"मॅम, लाडवांचा प्रॉब्लेम नाही. नव्या पॉलिसीत आम्ही पूर्ण वेबसाइट तपासतो. तुमच्या पहिल्याच पानावर एक आजी बाटलीतून दारू ओतताहेत."

मी वेबसाइट उघडली. ओतत होत्या खऱ्या. हंगामाचा पहिला घाणा झाला, की शेवंताबाईंच्या सासूबाई देवापुढे एक लाडू ठेवतात आणि मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सोडतात. दोन वर्षांपूर्वी मी ते मोबाइलवर टिपलं होतं. वर 'परंपरेची चव' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ग्राहकाला स्टोरी लागते, असं मी प्रत्येक क्लायंटला सांगते. दारूबंदी जिल्ह्यात एका म्हातारीच्या हातात दारूची बाटली, चेहरा स्पष्ट, खाली गावाचं नाव. पोलिसांना एवढा नीटनेटका पुरावा कुणी फुकटात देत नाही.

तरीही मला रागच आला. देवाची पूजा ही कंपनी काढायला लावणार? मी भांडायचं ठरवलं. ग्राहक मंचापर्यंत जायची तयारी केली. तेवढं शेवंताबाईंच्या कानावर घालावं म्हणून फोन लावला आणि अगदी हळुवार आवाजात सांगितलं, की कंपनी पूजेचा व्हिडिओ वेबसाइटवरून काढून टाका म्हणते, पण तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्यासाठी लढणार आहे.

"मंग काहाडून टाका ना मॅडम. काऊन लढून राह्यल्या?"

"अहो, पण तुमच्या देवाचं आहे ते."

"देवाचं व्हय म्हणूनच तं म्हणतो. थे पूजा देवासाठी रायते, गिऱ्हाइकासाठी नाई. आमी कुठी म्हटलं होतं, जगाले दाखवा म्हणून?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी शिकलेल्या बाई. आमाले वाटलं, तुमच्या कामात लागत असंन. बुढी तं दोन साल झाले, मले रोज बोलते. पोलीस आला असता, तं तिच्या जमानतीले तुमी आल्या असत्या का?"

मी फोन ठेवला आणि व्हिडिओ काढून टाकला. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

गुरुवारी दुपारी खातं सुरू झालं. गट: मिठाई व फराळ. सोबत नवा मेल, 'आमच्यासोबत वाढत राहा.' पुढचे दहा दिवस बायकांनी मान वर केली नाही. वसुबारसेपर्यंत लाडू संपले, फुलांची दोन पोती उरली. व्यापाऱ्यानं ती मागितली, तेव्हा शेवंताबाईंनी त्याला सांगितलं, "आमाले घरी खायाले लागते."

या धंद्यात मला पंधरा वर्षं झाली. पेमेंट कंपन्यांना मी मनापासून शिव्या घालते आणि पुढेही घालीन. पण एक मान्य करावं लागतं. खातं बंद करताना कंपनीनं निदान एक मेल तरी पाठवला. त्या म्हातारीला वेबसाइटवर चढवताना मी तेवढंही केलं नव्हतं.