नकार तोंडावर सांगणारी नसीम

नसीमच्या धाकट्या भावाचा, सलीमभाईंचा फोन सकाळी आला. "ताई, आपा गेली," एवढंच म्हणाले. पुढं कुणाचंतरी रडणं ऐकू येत राहिलं... मी उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरी पोचले, तर सलीमभाई दारातच उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "एक बरं झालं बघा, शेवटपर्यंत आपाला दुखण्याचं काही कळू दिलं नाय." माणसं माना डोलवत आत जात होती. मी मात्र चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले. नसीमला सगळं ठाऊक होतं, आणि तिच्यामागं ते सलीमभाईंना सांगायचं काम ती माझ्या गळ्यात घालून गेली होती. त्या दिवशी काही माझ्याच्यानं ते झालं नाही.

विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती सिल्लोडच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी, विषय अर्थशास्त्र. मी हवालदाराची मुलगी, विषय मराठी. दोघीही फटकळ, मी चिडून बोलायचे, ती शांतपणे. एम. ए. करताना तिला एक स्थळ पाहून गेलं आणि "कळवतो" म्हणालं. तिच्या अम्मी रोज दाराकडं बघायच्या, दुसऱ्या कुणाला हो म्हणेनात. शेवटी ही बाई एकटी त्यांच्या घरी गेली आणि विचारून आली, हो की नाही ते सांगा! सिल्लोडभर बभ्रा झाला. मी म्हटलं, "बये, तुला काही लाजबीज?" तर म्हणते, "तेव्हाच नाही म्हणाले असते तर अम्मी एक दिवस रडली असती आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली असती. हे महिने कोण भरून देणार?" लग्न तिनं पुढं केलंच नाही, आणि त्याचं दुःखही कधी उगाळलं नाही.

पीएच. डी. झाली, काही वर्षं परदेशात काढली, मग परत येऊन इथंच शिकवू लागली. तिचा विषय व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कल्पनेवर पैसा लावणारे लोक आणि तो मागणारे लोक. बाकीचे अभ्यासक ज्यांना पैसा मिळाला त्यांच्याकडं जायचे. ही ज्यांना मिळाला नाही त्यांच्याकडं जायची. आधी विचारायची, "तुम्हाला काय सांगितलं?" मग फंडवाल्यांकडं जाऊन विचारायची, "तुमचं काय ठरलं होतं?" तिथं नकार बहुतेकदा पहिल्याच बैठकीत ठरलेला असायचा, आणि इकडं माणूस "कळवतो" या एका शब्दावर नोकरी सोडून बसलेला. ते वाट बघणं हाच तिचा अभ्यास झाला. सुरुवातीला परिषदांमध्ये लोक हसले. नंतर तेच लोक तिला भाषणाला बोलवू लागले, तेव्हा मात्र ती मनापासून खूश व्हायची, नवी साडी घेऊन मला दाखवायला यायची.

तिचा हा अभ्यास माझ्याच घरात शिरला. आमचे हे वाळूजला एका कारखान्यात होते. ती नोकरी सोडून यांनी मक्याची कणसं सोलायचं एक हलकं यंत्र बनवलं, एकटी बाई चालवू शकेल असं. पुण्याचे फंडवाले बघून गेले, "छान आहे, कळवतो" म्हणाले. झालं! हे जेवताना फोन ताटाशी ठेवायचे. हाताशी आलेली कामं परत पाठवायचे, का तर उद्या मोठं काम येईल. मला बघवत नव्हतं, पण बोलायचीही हिंमत नव्हती. एका रविवारी नसीम आली, बसली आणि म्हणाली, "भाऊजी, मी विचारून आले. त्यांचं नाही आहे. पहिल्या दिवसापासूनच नव्हतं." हे उठून आत गेले. मी तिला काय काय बोलले... पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस, इथपर्यंत. पुढच्या रविवारी ती मटणाच्या नानखलियाचा डबा घेऊन हजर! दार यांनीच उघडलं. मला म्हणाले, "अगं, आठवडाभर लई शांत झोपलो मी." मग कारखान्यांची सुटी कामं घेतली, आणि यंत्रं सलीमभाईंच्या दुकानातून सिल्लोडला थोडी थोडी विकली गेली.

आणि मग तिचं हे दुखणं. डॉक्टरांनी सलीमभाईंना सांगितलं, सलीमभाईंनी मला, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला "साधी गाठ आहे" असं सांगायचं ठरलं. ते रोज सिल्लोडहून येत, दारापाशी डोळे पुसत आणि हसत आत शिरत. एका दुपारी तिनं त्यांना चहाला पाठवलं. "तू तरी सांग गं. बाकी सगळे मला कळवतो म्हणतायत." मी खिडकीकडं बघितलं, पांघरूण नीट केलं... मग सांगितलं. पसरलंय, औषध लागू पडत नाही. तिनं माझा हात धरला. बराच वेळ दोघी रडलो. मग म्हणाली, "सलीमला बोलू नकोस, मला माहीत आहे म्हणून. त्याच्या आशेवर तो उभा आहे. माझ्या अभ्यासात एवढी एक दुरुस्ती करावी लागेल बघ." आणि थोड्या वेळानं, "पण मी गेल्यावर सांग. बहिणीला फसवलं, हे घेऊन त्यानं जगायला नको."

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी सिल्लोडला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सलीमभाईंनी वजनकाट्यावरचं माप उचलून खाली ठेवलं.

"म्हणजे... आपाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मी रोज हसत यायचो ते?"

"तेही."

"मग काय म्हणायची ती?"

मी जरा घुटमळले. पण नसीमचं काम होतं, त्यात पदरची साखर घालून कसं चालेल? "म्हणायची, आमच्या सलीमला एक खोटं धड बोलता येत नाही. याला एकही फंडवाला नोकरीला ठेवणार नाही."

सलीमभाई हसले. इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. मग गळ्यातल्या रुमालात तोंड घालून, ती गेल्यापासून पहिल्यांदा, ते मोकळेपणानं रडले.