मेथीच्या ढिगावरची बातमी

दोन हजार सालाच्या आसपास नाशिकच्या खालच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र सुरू झाले. त्याआधी गटारे सरळ गोदावरीत उतरत आणि पुढच्या गावांपर्यंत पाण्यावर पांढरा फेस तरंगे. आमच्या दैनिकाचा छायाचित्रकार त्या फेसावर खूश असे. तिरप्या उन्हात तो बर्फासारखा दिसे. मी त्याच दैनिकात वार्ताहर होतो. माझ्या सासऱ्यांचा भाजीचा मळा नदीच्या काठावर, त्याच पाण्यावर होता.

पत्रकारांना केंद्र दाखवण्यात आले. टाक्यांत पाणी घुसळत होते, जिवाणू मैला खातात असे अभियंता सांगत होता आणि आम्ही टाकीच्या कठड्याशी उभे राहून बटाटेवडे खात होतो. मी तीन खाल्ले. बातमी मात्र मोजूनमापून लिहिली. ‘सांडपाण्यावर आता शेती शक्य’ हा मथळा माझाच होता आणि तो मला फार आवडला होता.

फेस खरोखर कमी झाला. वासही हिवाळ्यापुरता हटला. सासरे मात्र कुरकुरत होते. पूर्वीच्या पाण्यात खत आपोआप यायचे, आता मेथी बारीक येते, असे त्यांचे म्हणणे. तरी ती खपत होती. गंगेवरच्या, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्यांची नेहमीची गिऱ्हाइके होती आणि भाजीला कोणते पाणी दिले, हे त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. कोणी विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. घर त्या बाजारावर चालत होते.

बुधवारी मी बातमीचे कात्रण घेऊन बाजारात गेलो आणि त्यांच्या मेथीच्या ढिगामागच्या बांबूला ते टाचणीने लावले. लोकांचा विश्वास वाढेल, असे मी त्यांना समजावले. त्यांनी मथळा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा जुड्या रचू लागले. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. मला तो होकार वाटला.

पहिल्याच बाईंनी मथळा वाचून हातातली जुडी खाली ठेवली.

“ही गटारीच्या पाण्यावरची का हो?”

सासरे जुड्यांवर पाणी शिंपडू लागले, म्हणून मी पुढे झालो. हे पाणी प्रक्रिया केलेले असून ते शेतीस योग्य असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले आहे, असे मी म्हणालो. पावसाळ्यात केंद्रावर ताण येतो, हेही जोडले. एकच बाजू सांगणे बरे दिसले नसते. बाई शेजारच्या ढिगाकडे वळल्या. ती मेथी सासऱ्यांच्या चुलतभावाची होती, त्याच पाण्यावरची. त्याच्याकडे कात्रण नव्हते.

दुपारपर्यंत आमची भाजी कोमेजली. सासऱ्यांनी ती बैलांसाठी बांधून घेतली आणि शांतपणे म्हणाले, “जावईबापू, तुमी लय खरं सांगता. पुढल्या बुधवारी या, पण इकडून नका बसू. गिऱ्हाईक होऊन या.”

पुढच्या बुधवारी बांबूला कात्रण नव्हते. मी पिशवी घेऊन ढिगासमोर उभा राहिलो. मला पाहताच सासऱ्यांनी चार जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या. मी भाव विचारला. तो जरा चढाच निघाला, पण जावई म्हणून सूट मागण्याची सोय नव्हती. माझ्यामागे दोन बायका थांबल्या, मग आणखी एक. कोणी काही विचारले नाही. गेल्या बुधवारच्या बाईही आल्या, मला न ओळखता माझ्या पिशवीत डोकावल्या आणि दोन जुड्या घेऊन गेल्या.

मी निघालो तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांदेखत हाक मारली.

“भाऊ, दर बुधवारी नेता ना? मग पुढच्या वेळी वहिनींनापण आणा.”

वहिनी म्हणजे त्यांची सख्खी मुलगी. तिने त्या संध्याकाळी मेथी निवडायला घेतली आणि उरलेल्या जुड्यांचे काय करायचे, ते मला विचारले.