सतरा नंबरची चिठ्ठी

मला बसवत नाही. स्वभाव म्हणा, रोग म्हणा. माझे वडील, दादा, मेंढरं घेऊन अर्धं वर्ष रानोमाळ फिरायचे, बहुतेक त्यांच्याकडूनच आला असणार. कॅनडात संस्थेतल्या बायका म्हणायच्या, तुम्ही चहासुद्धा उभ्यानंच पिता. पिते! बसून प्यायला काय माझं डोहाळजेवण आहे?

तिथं बावीस वर्षं मी एकच काम केलं. नवऱ्याला जालन्याच्या एमआयडीसीतून तिकडच्या कारखान्यात नोकरी लागली, मी मागोमाग गेले आणि पहिला हिवाळा घरात बसून रडले. मग शेजारची एक गरोदर बाई, तीही परदेशातूनच आलेली, तिच्यासोबत दवाखान्यात गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिचा फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली, तिसऱ्या दिवशी बहिणीची मैत्रीण. असं करता करता नव्यानं आलेल्या लोकांसाठी संस्था उभी राहिली आणि मी तिची प्रमुख झाले. ऑफिसात माझा नियम कडक. आल्याबरोबर नंबर घ्यायचा. ओळख, वशिला, रडारड काही चालणार नाही. नंबर पुकारला की मी मान वर न करताच म्हणायची, "बसा. कागद काय आणलेत?" चेहरा आधी बघितला की मी विरघळते आणि मग रांगेतल्या बाकीच्यांवर अन्याय होतो. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

यंदा संस्था दुसरीच्या हाती सोपवली आणि दोन महिन्यांसाठी माहेरी, हसनाबादला आले. कारण एकच होतं. मायनं फोनवर सांगितलं होतं, "मावशीचा एक डोळा गेला. दुसऱ्यात जरासं राह्यलंय, डॉक्टर म्हणला तेबी जाणार. रोज इचारती, पोरगी कव्हा येती. नजर हाय तवर तोंड दाखव माय तिला."

मावशी रक्ताची नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शेतकरी घरातली. माय-दादा मेंढरांमागं निघाले की माझी शाळा बुडायची. मी चौथीत असताना ती मायला म्हणाली, "पोरगी माझ्याकडं ठेव. तुम्ही जा बिनघोर." तेव्हापासून दहावीपर्यंत दरसाल अर्धं वर्ष मी तिच्या घरी जेवले, तिच्या कुशीत झोपले. सकाळी वेणी घालून झाली की ती माझी हनुवटी धरायची आणि म्हणायची, "तोंड उजेडाकडं कर." दारातल्या उजेडात मला नीट न्याहाळायची, पदरानं डोळ्याचा कोपरा पुसायची, मगच दप्तर हातात द्यायची. तिनं मला ठेवून घेताना कुठला कागद मागितला नव्हता.

आल्या दिवशीच तिच्याकडं गेले तर दाराला कुलूप. लेकीकडं आष्टीला गेल्ती, आठ दिवसांनी येणार होती. आठ दिवस! मी तेवढे दिवस काय हातावर हात ठेवून बसू? तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. आधार कार्डावर तिची जन्मतारीख चुकलेली, त्या हिशेबानं ती आपल्या लेकापेक्षा लहान होती. तिचं काम मार्गी लावलं, आणि झालं! आठव्या दिवशी ओट्यावर पंधरा माणसं. तिघं तिघं एकदम बोलत. माझं डोकंच फिरलं. खिळ्यावरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, तारखांचे चौकोन कात्रीनं कापले आणि डब्यात घालून ओट्यावर ठेवले. नंबर आयते छापलेले!

माय अशी भडकली की विचारू नका. "माणसं घरी येऊन राह्यली अन् तू त्यांना चिठ्ठ्या देती? रेशनचं दुकान हाय का हे?"

"माय, असं केलं की काम बराबर होतं."

"काम राहू दे. मावशी आली आष्टीवरून. दारात बसून तांदूळ निवडून राह्यली, म्हंजी अजून दिसतंय तिला. जल्दी जाऊन ये."

"उद्या जाते."

उद्या निराधार पेन्शनवाल्या दोन म्हाताऱ्या आल्या. परवा एका पोरीचं कॉलेजचं काम आलं. असे तीन आठवडे गेले. पाच मिनिटांची वाट हो! खरं सांगू? मला भीती वाटत होती. रांग बरी होती. रांगेतलं काम निपटतं. मावशीच्या डोळ्याला माझ्याकडं कुठलाच फॉर्म नव्हता, आणि जिथं मला काही करता येत नाही तिथं माझा पाय ठरत नाही. हे तेव्हा कबूल केलं असतं तर बरं झालं असतं.

बाजाराच्या दिवशी माय दळण घेऊन गिरणीवर गेल्ती. ओटा भरलेला. मी आत टेबलावर. "सतरा!" म्हणून ओरडले. काठी टेकत कुणीतरी हळूहळू आत आलं, स्टूल चाचपून बसलं. मी आधीच्या माणसाचा अर्ज पुरा करत होते.

"कागद काय आणलेत?"

काठी टेबलाला टेकवल्याचा आवाज आला.

"आजी, कागद? आधार कार्ड?"

"न्हाई आणला गं. कागद लागतो का?"

आवाज ऐकला आणि मी मान वर केली. मावशी! दारातून एका बाईनं डोकावून सांगितलं, "दोन घंट्यापासून बसल्यात उन्हात. म्हणलं जा आत, तुमचीच लेक हाय. तर म्हणल्या, पोरीनं नियम केलाय, नंबर येऊ द्या."

मी उठले तशी टेबलावरचे कागद भुईवर सांडले. तिच्यापुढं खालीच बसले. तिचा हात आधी माझ्या कानाला लागला, मग गालाला, मग हनुवटीवर येऊन थांबला.

"तोंड उजेडाकडं कर."

केलं. ती बघत राहिली. देवा, दिसू दे रे, एवढंच मनात होतं.

"दिसते का मी, मावशी?"

"दिसली की! बिलकुल तशीच हाय. जरा वाळली."

तिच्या घरून गेले तेव्हापेक्षा मी दुप्पट झालेय. तिची नजर माझ्या कानाशेजारून मागं, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं होती.

मग तिनं मुठीतला तो कॅलेंडरचा चौकोन माझ्या हातात ठेवला. घामानं मऊ पडला होता. "हे घे, दुसऱ्याच्या कामी येईल. जाय आता, लोक खोळंबलेत."

अठरा नंबरवाला दारात येऊन उभा होताच. मी त्याला म्हणाले, "उद्या या." तीन आठवडे मी हाच शब्द मायला ऐकवत होते, आणि तेव्हा मावशीला दिसत होतं.