मार खायला आलेला माणूस

धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, की मला तो माणूस हमखास आठवतो. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातले बंदोबस्त केले. त्यातलं बरंचसं विसरलो आणि विसरलो ते बरंच झालं. हे एक प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. नाव-गाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायचा मला काही अधिकार नाही.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेचा बंदोबस्त लागला की आमचं कंबरडं मोडायचं, एरवी ठाणं शांत. दारूच्या केसेस, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, भांडणं, हरवलेली जनावरं. अशात एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला, की बोडीत प्रेत तरंगतंय. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. आमच्या भागात प्रत्येक गावाला अशा चार-दोन असतातच. मयत तिथलाच शेतकरी, ऐन उमेदीतला. घरी बायको आणि म्हातारी आई. गावानं एका सुरात सांगितलं, पाय घसरला असेल. घटनास्थळाचा पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

अहवाल आला आणि प्रकरण फिरलं. फुप्फुसात पाणी नव्हतं. पायाच्या नडगीवर करंटची खूण होती. म्हणजे माणूस पाण्यात पडण्याआधीच मेला होता आणि त्याला कोणीतरी उचलून तिथं टाकलं होतं.

आता करंट कुठला, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. धान भरात आलं की रानडुकरं एका रात्रीत बांध्याच्या बांध्या, म्हणजे धानाची अख्खी खाचरं, लोळवतात. मग लोक विजेच्या लाईनवर आकडा टाकतात आणि शेताभोवती उघडी तार फिरवतात. कायद्यानं गुन्हा आहे, दरवर्षी आम्ही बोंबलून सांगतो आणि दरवर्षी लोक तार लावतात. त्यामुळे झालं काय, तपासाला गेलो तर अख्ख्या गावाच्या तोंडाला कुलूप. ज्याच्या त्याच्या गोठ्यात तारेचं भेंडोळं. दुसऱ्याचं नाव घेणार कोण?

वाट दाखवली ती बसथांब्यावरच्या पानठेलेवाल्यानं. खबऱ्या म्हणजे सिनेमातल्यासारखा काळा चष्मा लावून अंधारात भेटणारा कोणी नसतो. दिवसभर एका जागी बसून माणसं पाहणारा असला की झालं. मी चहाला थांबलो तेव्हा तो सुपारी कातरत म्हणाला, की मयताचा जिगरी दोस्त सध्या दोन्ही हातांना फडकी बांधून फिरतो. आणि साहेब, तंबाखू-सुपारीचा खर्रा चिमटीनं घेत नाही, पुडीच तोंडात ओततो. हातानं तोंडाला काही लावतच नाही.

दोस्ताचं शेत मयताच्या शेताला लागूनच होतं. आमचं गणित सोपं होतं. तार यानं लावली, मयत तिला चिकटला, त्याला सोडवताना याचे हात भाजले. चौकशीला आणायला माणसं पाठवली. पोलीस दारात आले की कोणीही विचारतं, काऊन जी, काय झालं, कोणी तक्रार केली? यानं काही म्हणजे काही विचारलं नाही. चपला घातल्या आणि जीपमध्ये येऊन बसला. आमचे जमादार तेव्हाच मला म्हणाले, साहेब, हा आपली वाटच पाहत होता.

आधी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आमचं गणित पुसून टाकलं. या करंटच्या जखमा नाहीत, म्हणाले. आणि एका दिवसाच्याही नाहीत. काही सुकत आल्यात, काही कालच्या आहेत. कशानं झाल्या होत्या ते मला नंतर कळलं, पण ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

मग मनात आलं, मयताच्या भाऊबंदांना सुगावा लागला असेल आणि ते याचा छळ करत असतील. ठाण्यात बसवून विचारलं, कोणी केलं हे? गप्प. तार कोणाची होती? गप्प. जमादार जुन्या वळणाचे. त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी हात उगारला.

इतकी वर्षं मी माणसांवर हात उगारलेले पाहिले आहेत. सराईत असो की साधा, उगारलेल्या हातापुढे माणूस अंग चोरतोच. मान खाली जाते, खांदे वर येतात. ते शरीरच करतं, त्यात धिटाईचा प्रश्न नसतो. हा माणूस पुढे झुकला. गाल पुढे केला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर भीती नव्हती. उन्हातून आलेल्याला सावली मिळावी तसा तो दिसत होता. जमादारांचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

मी ठाण्यातल्या सगळ्यांना बजावलं, याला बोटही लावायचं नाही. दया म्हणून नव्हे. त्याला जे हवं होतं तेच आपण दिलं असतं, आणि तेवढ्यानं त्याचं भागलंही नसतं. मारानं माणूस खरं बोलतो असं मानणाऱ्यांनी हा माणूस पाहायला हवा होता. त्याला आम्ही दिवसभर झोडपलं असतं, तरी तो अजून मागत राहिला असता.

दुपारी खानावळीतून जेवण आलं. पहाऱ्यावरचा शिपाई मला बोलवायला आला. म्हणाला, साहेब, जरा पाहता का. पाहिलं तर तो भाताच्या ताटलीवर वाकून तोंडानंच खात होता, गुराढोरासारखा. हात पाठीमागं धरलेले. फडकी बांधली होती तरी बोटं मोकळी होती. घास उचलता आला असता. मी आत गेलो आणि त्याच्यासमोर खाली बसलो. तारेचं विचारायचं मी सोडूनच दिलं. त्याच्याच बोलीत विचारलं, घास काऊन उचलत नाहीस?

त्यानं तोंड ताटलीवरून वर काढलं. मग म्हणाला, "या हाताची घाण येते जी मले."

आणि मग सगळं बाहेर आलं, थांबता थांबेना. तार त्यानंच लावली होती. दोघा दोस्तांचा ठराव होता, ज्या दिवशी तार लावायची त्या दिवशी एकमेकांना सांगायचं. त्या संध्याकाळी यानं सांगितलं होतं, आज नाही लावत. मग डुकरांची नासधूस पाहून डोकं फिरलं आणि न सांगता लावली. पहाटे दोस्त आपल्या बांधीतलं पाणी पाहायला आला आणि धुऱ्यावर तारेला चिकटला. हा मचाणावर झोपला होता. ओरडणं ऐकून धावला, आकडा काढला, पण दोस्त हलत नव्हता. याच्या डोळ्यांपुढे जेल दिसू लागला. त्यानं दोस्ताचे पाय धरले आणि ओढत बोडीपर्यंत नेलं.

उजाडल्यावर गाव शोधायला निघालं तर हाही निघाला. दोस्ताच्या नावानं सगळ्यांत मोठ्यानं हाका यानंच मारल्या. प्रेत मिळाल्यावर खांदा दिला. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी जेवण नेतात आणि घरच्यांना आग्रह करून दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. मयताची आई काही केल्या तोंड उघडेना, तेव्हा गावानं यालाच पुढे केलं, की तू तिच्या पोरासारखा, तूच भरव. म्हातारीनं याच्या हातचा घास खाल्ला.

"अंग गरम होतं जी त्याचं, मी ओढलं तवा," तो म्हणाला. "जिता होता का मेला, मी पाह्यलंच नाही. नाकापाशी हात बी नाही नेला. अन् त्याच हातानं मायले घास देल्ला."

त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या हातांची शिसारी बसली होती. आधी घासघासून धुतले, मग त्यांना इजा करू लागला. मुलीला जवळ घेईना, बायकोच्या ताटाला शिवेना. मला वाटलं, याच्या मनातला काटा काढणं माझ्या हातात आहे. मी शवविच्छेदनाचा अहवाल आणला आणि वाचून दाखवला. फुप्फुसात पाणी नाही, म्हणजे श्वास आधीच थांबला होता. अंग थोडा वेळ गरम राहतंच. तू पाण्यात टाकलंस तेव्हा तो गेलेला होता. दोनदा समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पण मले तं माहीत नोहतं ना जी. मी तरी ओढलंच."

मी अहवालाची घडी घालून तो फाइलीत परत ठेवला.

पुढचं काम रीतसर झालं. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं. त्यानं दाखवलेल्या ठिकाणाहून तार, आकडा आणि खुंट्या जप्त केल्या. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमं लावली. कोठडीत मात्र मी त्याला एक क्षणही एकटं ठेवलं नाही. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरून कौतुकाचा फोन आला, पण माझं लक्ष त्या कोठडीकडे होतं. एवढी वर्षं आरोपी पळून जाईल याची काळजी केली, हा स्वतःपासूनच पळून जाईल याची धास्ती होती. न्यायाधीशांपुढे उभं करताना मानसोपचाराची लेखी विनंती केली आणि तसा आदेश झाला.

अशात मयताची बायको पुरवणी जबाब द्यायला ठाण्यात आली. काय घडलं ते तिला कळलं होतं. जबाब संपला, वाचून दाखवून झाला, आणि ती म्हणाली, मले तो पाहाचा हाय. नियमानं मी नाही म्हणायला हवं होतं. पण कोठडी माझ्या खोलीला लागूनच होती आणि ती उठून गजांपुढे जाऊन उभीही राहिली. मी जमादारांसह मागे उभा राहिलो. काय होईल याचा नेम नव्हता.

तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. नवऱ्याचा दोस्त म्हणून ती त्याला भाऊजी म्हणत आली होती. त्या दिवशीही तिनं तशीच हाक मारली. भाऊजी, इकडं पाहा. मग म्हणाली, हात दाखवा. त्यानं पट्ट्या बांधलेले हात पुढे केले. तिनं ते निरखून पाहिले. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"माफ मी करनार नाही, मरेपर्यंत नाही," ती म्हणाली. "पण हे हात नासवून माह्या घरी काय येते? बांधीत धान उभं हाय. म्हातारीच्यानं होत नाही, माह्या एकटीच्यानं बी होत नाही. पहिले धान घरी येऊ द्या. मंग त्या हाताचं काय कराचं ते मी सांगीन. तोवर त्याइले सांभाळा."

एवढं बोलून ती पदर सावरून निघून गेली. तो ढसाढसा रडला. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. जमादार बाहेर जाऊन उगाच जीपचं बॉनेट उघडून पाहत बसले.

त्या दिवशी तो हातानं जेवला असं मात्र नाही. एका बोलण्यानं माणूस बरा झाला, हे सिनेमात होतं. पुढे जामीन झाला तो साक्षीदारांना न भेटण्याच्या अटीवर. तिनंच वकिलामार्फत आपली हरकत नसल्याचा अर्ज दिला आणि कोर्टानं अट सैल केली. त्याची बायको त्याला बसनं गोंदियाच्या दवाखान्यात नेऊ लागली, गोळ्या सुरू झाल्या. आणि कापणीला तो तिच्या बांधीत उतरला. सांगायला सोपं आहे, पण त्याच्या हातात विळा आहे हे कळल्यावर मला जेवण गेलं नव्हतं. बीट अंमलदाराला त्या रस्त्यानं फेऱ्या मारायला सांगितलं, शेवटी न राहवून मीच गेलो. एका टोकाला तो कापत होता, दुसऱ्या टोकाला ती. मधे म्हातारी पेंढ्या मोजत बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी जीप न थांबवता परत फिरलो.

चुकीचा पश्चात्ताप झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. ती म्हणतात, माझ्या हातून वाईट झालं, आता काय करू ते सांगा. त्यांच्याशी बोलता येतं. ज्याला स्वतःचीच किळस आली आहे तो काही विचारत नाही. घरातली घाण बाहेर फेकावी तसं तो स्वतःला फेकायला निघालेला असतो. तू वाईट नाहीस असं त्याला सांगून उपयोग नसतो. त्याला ते खोटं वाटतं. माझा अहवालाचा कागद तिथंच फुकट गेला. त्या बाईनं त्याला चांगलं म्हटलं नाही, माफही केलं नाही. तिनं फक्त सांगितलं, की तू मला अजून लागतोस. तेव्हापासून कुठल्याही आरोपीच्या, फिर्यादीच्या किंवा माझ्याच शिपायाच्या अंगावर अशा खुणा दिसल्या, की मी आधी दाराला कडी घातली, चहा मागवला आणि मग विचारलं. ओरडलो नाही. डॉक्टरांकडेही स्वतः सोबत गेलो.

खटला चालला, त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो गावात परत आला. निवृत्तीनंतर एकदा जूनच्या सुरुवातीला अर्जुनीच्या बाजारात ती बाई भेटली. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस जवळ आले होते; ती बियाण्याची पिशवी घेऊन बसची वाट पाहत होती. तो कसा आहे, विचारलं. बरा हाय, म्हणाली, सकाळपासून नांगर धरून हाय माह्या बांधीत. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, तुम्ही त्याला सांगणार होता ना, त्या हातांचं काय करायचं ते?

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली नाही.

"आता कुठं जी," ती म्हणाली. "यंदाचा रोवणा होऊन जाऊ द्या. मंग पाहू."